सारियातली दुपार आणि हरलेल्या संघाचे पाठीराखे

बार्सिलोनात सारिया नावाचं एक स्टेडियम होतं. एस्पान्योल क्लबचं ते घरचं मैदान. १९९७ मध्ये ते पाडलं, आता तिथे इमारती आणि बाग आहे. विश्वचषकाची अंतिम लढत तिथे कधी झाली नाही, उपांत्य सामनासुद्धा नाही. तरी फुटबॉलवर जीव असलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ५ जुलै १९८२ ला, भर उन्हाच्या दुपारी, ब्राझील तिथे इटलीकडून ३-२ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला.

सहा दिवसांनी माद्रिदमध्ये इटलीने पश्चिम जर्मनीला ३-१ नमवून विश्वचषक उचलला. नोंदवहीत ते वर्ष इटलीचं आहे. पण ब्याऐंशीचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी आधी येतात ती ब्राझीलच्या झिको, सोक्रातिस, फाल्काव, सेरेझो यांची नावं. मी कोल्हापुरात वाढलो. आमच्याकडे विश्वचषकाच्या महिन्यात गल्ल्या ब्राझीलच्या पिवळ्या नाहीतर अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात रंगतात. ब्याऐंशीनंतर वीस वर्षांनी जन्मलेली पोरं सारियातले पाचही गोल मिनिटासकट सांगताना मी ऐकली आहेत.

हरलेल्या संघाला इतकं जपणारा हा पाठीराखा कुठून आला? ‘हरल्यावर मनाची समजूत घालायला खेळ सुंदर होता असं म्हणतात’, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. मला ते कधीच पटलं नाही. निकालाच्या आधी खेळ बघणारी नजर फार जुनी आहे आणि ती घडायला शंभरेक वर्षं लागली आहेत. त्या घडणीत देशाचा अभिमान आहे, राजकारण आहे, काही घाणेरड्या विजयांचा उबग आहे आणि मैदानाबाहेर रंगलेले वादही आहेत.

ती नव्वद मिनिटं

आधी सामना नीट पाहू, कारण त्याच्याभोवती दंतकथा खूप जमल्या आहेत.

त्या वर्षी दुसऱ्या फेरीत तीन-तीन संघांचे गट होते आणि गटातला एकच संघ उपांत्य फेरीत जाणार होता. ब्राझील, इटली आणि गतविजेता अर्जेंटिना एकाच गटात आले. इटलीने अर्जेंटिनाला २-१ आणि ब्राझीलने ३-१ हरवलं होतं. गोलफरकामुळे ब्राझीलला इटलीशी बरोबरीसुद्धा पुरणार होती. त्याआधी पहिल्या फेरीत ब्राझीलने सोव्हिएत संघाविरुद्ध २, स्कॉटलंडविरुद्ध ४ आणि न्यूझीलंडविरुद्ध ४ गोल केले होते. इटली मात्र पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत काढून कसाबसा पुढे सरकला होता.

पाचव्या मिनिटाला पावलो रॉसीने हेडर मारून इटलीला पुढे नेलं. सामनेनिश्चितीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून तो नुकताच परतला होता आणि स्पर्धेतल्या आधीच्या चार सामन्यांत त्याला एकही गोल जमला नव्हता. बाराव्या मिनिटाला झिकोने पाठीवर बसलेल्या जेंतिलेला एका गिरकीत मागे टाकलं आणि बचावाच्या फटीतून चेंडू सरकवला. उजवीकडून सोक्रातिस आत आला. कोन अगदी अरुंद होता. गोलरक्षक झॉफ क्रॉसची वाट बघत राहिला आणि चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून आत गेला. रेकॉर्डिंग हळू करून पाहिलं तर खांबाशी चुन्याची धूळ उडताना दिसते.

पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोने आपल्याच हद्दीत आडवा पास दिला, बेफिकीर म्हणावा असा. रॉसीने तो मध्येच उचलला आणि २-१ झालं. मग अडुसष्टावं मिनिट. डावीकडून ज्युनियर आत आला आणि त्याने चेंडू उजवीकडे फाल्कावला दिला. त्याच क्षणी सेरेझो त्याच्या पुढून बाहेरच्या बाजूला पळत गेला आणि इटलीचे बचावपटू त्याच्यामागे ओढले गेले. त्याला चेंडू मिळालाच नाही, मिळणारही नव्हता. त्याच्या पळण्याने जी जागा मोकळी झाली तिच्यात फाल्कावने चेंडू डाव्या पायावर घेतला आणि पेनल्टी पेटीच्या कडेवरून मारला. २-२. फाल्काव दोन्ही हात पसरून, गळ्याच्या शिरा ताणून धावतो ते चित्र सगळ्यांना आठवतं. मला त्याहून सेरेझोचं ते चेंडूविना पळणं आठवतं. मघाशी चूक केलेला हाच माणूस.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला इटलीला कॉर्नर मिळाला. अर्धवट परतवलेला चेंडू तार्देल्लीने आत मारला, रॉसीने त्याची दिशा बदलली, ३-२. शेवटच्या मिनिटांत ओस्कारचा हेडर चाळिशीतल्या झॉफने गोलरेषेवर दाबून धरला आणि सगळं संपलं.

ब्राझील आक्रमणाच्या वेडापायी मेला, बरोबरी पुरत असूनही पुढे धावत राहिला, अशी कथा सांगितली जाते. तिच्यात थोडं तथ्य आहे, सगळं नाही. त्या कॉर्नरला ब्राझीलचे जवळजवळ सगळे खेळाडू मागे आले होते. ज्युनियर खांबाजवळ रेंगाळला म्हणून रॉसी ऑफसाइड ठरला नाही. तिन्ही गोल बचावातल्या साध्या चुकांतून झाले आणि इटलीही त्या दिवशी बचावाला कुलूप लावून बसला नव्हता. तो हिमतीने आणि हुशारीने खेळला. इटलीच्या अंतोन्योनीचा चौथा गोल ऑफसाइड ठरवला गेला, तो खरं तर वैध होता. म्हणजे ‘सौंदर्य विरुद्ध निकाल’ हा सामना मैदानात झालाच नाही. तो नंतर पाठीराख्यांच्या मनात झाला. तिथे का झाला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

पासचं बियाणं

सुरुवातीचं इंग्लिश फुटबॉल म्हणजे एकट्याने चेंडू घेऊन मुसंडी मारायची. स्कॉटलंडच्या क्वीन्स पार्क क्लबने आपसांत पास देत खेळायची रीत रुजवली. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा स्कॉटलंडचा संघ क्वीन्स पार्कचाच होता. सामना ०-० राहिला, पण खेळण्याच्या दोन रीती असू शकतात हे लोकांना दिसलं. दोन रीती असल्या की त्यांतली एक जास्त आवडणार, आणि फुटबॉलमधली आवड-निवड इथूनच सुरू होते.

ही पासची रीत मध्य युरोपात नेणाऱ्यांत जिमी होगन हा लँकेशायरचा माणूस महत्त्वाचा. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा तो व्हिएन्नात होता आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकला. पुढे त्याने बुडापेस्टमध्ये एमटीके क्लबला शिकवलं. व्हिएन्नात ह्यूगो माइस्ल यांनी त्याच विचारावर ऑस्ट्रियाचा संघ बांधला. लोक त्याला ‘वुंडरटीम’ म्हणत. १६ मे १९३१ ला त्यांनी स्कॉटलंडलाच ५-० हरवलं. शिष्याने गुरूच्या अंगावर गुरूचाच डाव टाकावा तसं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड मातियास सिंदेलार अंगाने इतका बारीक की त्याला ‘कागदी माणूस’ म्हणायचे. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसांत नाटक-संगीताच्या गप्पा चालायच्या तिथेच सिंदेलारच्या खेळाच्याही चालायच्या. एखाद्या गवयाची जागा कशी लागली यावर मैफलीनंतर बोलावं तसं एखाद्या पासवर बोलणारा श्रोता तिथे तयार झाला. हा संघ १९३४ च्या विश्वचषकात मिलानच्या चिखलात इटलीकडून १-० हरला. सुंदर खेळणारा हरतो, या कथेचा पहिला अध्याय हाच म्हणता येईल.

दुसरा अध्याय हंगेरीचा, आणि तो जास्त दुखरा. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं. युरोपच्या मुख्य भूमीवरचा संघ इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवतो हे त्याआधी घडलं नव्हतं. हंगेरीचा हिदेगकुटी सेंटर फॉरवर्डचा नंबर घालून मागे मिडफिल्डमध्ये खेळत होता आणि त्याला कुणी पकडायचं हे इंग्लंडला शेवटपर्यंत कळलं नाही. फेरेंक पुश्काशने तळव्याने चेंडू मागे ओढला, इंग्लंडचा कर्णधार बिली राइट रिकाम्या जागेत घसरत गेला आणि पुश्काशने जवळच्या खांबाकडून गोल केला. सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी श्रेय दिलं ते जिमी होगनला.

पुढच्या विश्वचषकात या संघाने एकूण २७ गोल केले. गटात पश्चिम जर्मनीला ८-३ हरवलं आणि अंतिम सामन्यात, ४ जुलै १९५४ ला बर्नच्या पावसात, त्याच जर्मनीविरुद्ध पहिल्या आठ मिनिटांत २-० पुढे असताना ३-२ हरले. चार वर्षांत पहिली हार, आणि तीही तिथे. मग बुडापेस्टमध्ये लोक संतापून रस्त्यावर उतरले. ‘हरले पण काय खेळले’ असं त्या रात्री तिथे कुणी म्हटलं नाही. ते म्हणणारे नंतर आले आणि बहुतेक बाहेरचे होते.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. खेळाला निकालाच्या वर ठेवणं घरच्या माणसाला सगळ्यात जड जातं. ब्राझीलही याच अनुभवातून गेला आहे. १६ जुलै १९५० ला रिओच्या माराकाना मैदानावर, विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात, उरुग्वेविरुद्ध त्यांना बरोबरी पुरत होती, अगदी सारियासारखी. ते २-१ हरले आणि गोलरक्षक बार्बोसासह कृष्णवर्णीय खेळाडूंवर दोषाचा डाग मारला गेला, तो बार्बोसाला आयुष्यभर पुसता आला नाही.

आपली रीत

दक्षिण अमेरिकेत शैलीचा प्रश्न ‘आपण कोण’ या प्रश्नाला जोडला गेला. फुटबॉल तिथे इंग्रजांनी आणलं. ते आपलं कसं करायचं? अर्जेंटिनात उत्तर मिळालं ‘ला नुएस्त्रा’, म्हणजे ‘आपली’ रीत: छोट्या जागेत, चेंडू पायाला चिकटवून, हुलकावण्या देत. चाळिशीच्या दशकातल्या रिव्हर प्लेट क्लबच्या पाच आघाडीपटूंना लोक ‘ला माकिना’, यंत्र, म्हणत. मुन्योस, मोरेनो, पेदेर्नेरा, लाब्रुना, लोउस्ताउ ही नावं तिथे आजही एका दमात म्हटली जातात, आपल्याकडे अष्टविनायक म्हणावेत तशी.

१९५८ च्या विश्वचषकात या आपलेपणाला तडा गेला. चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाला ६-१ उडवलं आणि परतलेल्या संघावर विमानतळावर लोकांनी नाणी फेकली. गोडव्याने पोट भरत नाही, आता युरोपसारखं कडक व्हायचं, असा निष्कर्ष निघाला. त्याचं टोक म्हणजे ओस्वाल्दो झुबेल्दिया यांचा एस्तुदियांतेस संघ. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं त्यांनी लिबेर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वोच्च करंडक जिंकला. वेळ काढणं, डिवचणं, पाय घालणं, सगळं पाठ करून उतरायचे. १९६९ मध्ये मिलानविरुद्ध ब्युनोस आयर्समध्ये त्यांनी इतकी हाणामारी केली की त्यांच्या खेळाडूंना तुरुंगात जावं लागलं. याला तिथेच ‘अँटी-फुटबॉल’ हा शब्द वापरला गेला. मला वाटतं, सुंदर खेळाचा आग्रह धरणारा पाठीराखा प्रेमातून जितका घडला तितकाच अशा विजयांच्या उबगातून घडला. आपल्याला काय नको आहे हे त्याला आधी कळलं.

त्या एस्तुदियांतेसच्या मिडफिल्डमध्ये कार्लोस बिलार्दो होता. दुसरीकडे १९७३ मध्ये सेझर लुईस मेनोत्ती यांनी उराकान या छोट्या क्लबला जुन्या ‘आपल्या’ रीतीने खेळवून विजेतेपद मिळवून दिलं. मेनोत्तींच्या अर्जेंटिनाने १९७८ चा विश्वचषक घेतला, बिलार्दोंच्या अर्जेंटिनाने १९८६ चा. दोघेही विजेते, आणि तरीही अर्जेंटिनात मेनोत्तीपंथी की बिलार्दोपंथी हे भांडण चाळीस वर्षं चाललं. दोन्ही पक्षांच्या हातात चषक असताना भांडण चालू राहतं याचा अर्थ ते चषकासाठी नव्हतं. मेनोत्ती डाव्या विचारांचे. त्यांचा चषक आला लष्करी हुकूमशाहीच्या काळात आणि जनरल लोकांनी तो मिरवला, हे ओझं त्यांना २०२४ मध्ये जाईपर्यंत बाळगावं लागलं. सुंदर खेळ म्हणजे आपोआप सज्जन बाजू, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

ब्राझीलमध्ये शैलीचं तत्त्वज्ञान १९३८ पासून दिसतं. त्या विश्वचषकाच्या वेळी समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की ब्राझीलचा खेळ नाचासारखा आहे आणि तो मिश्र वंशाच्या समाजातून आला आहे. युरोपने ज्याला कमीपणा मानलं तेच त्यांनी वैभव म्हणून पुढे ठेवलं. मग गारिंशा आला, वाकड्या पायांचा, एकच हुलकावणी पुन्हा पुन्हा देणारा आणि तरी न सापडणारा. १९५८ मध्ये मेक्सिको सिटीत त्याचा क्लब बोताफोगो आणि रिव्हर प्लेट यांच्या सामन्यात त्याने एका बचावपटूला इतक्यांदा चकवलं की प्रेक्षक दर वेळी बैलझुंजीतल्यासारखं ‘ओले!’ ओरडू लागले, असं सांगतात. गोल झाला की ओरडणारे प्रेक्षक सगळीकडे होते. इथे गोलाशी संबंध नसलेल्या गोष्टीला दाद मिळत होती.

१९५८, १९६२, १९७०: ब्राझील जिंकत होता तोवर कला की निकाल हा प्रश्नच पडला नाही. तो पडला १९७४ मध्ये, कर्णधार योहान क्रायफच्या हॉलंडने २-० हरवलं तेव्हा. सत्तेत लष्कर होतं. ताकद, शिस्त, धावण्याची क्षमता यांचा बोलबाला झाला आणि १९७८ मध्ये क्लाउदियो कौतिन्यो या लष्करी पार्श्वभूमीच्या प्रशिक्षकाकडे संघ होता. एकही सामना न हरता ब्राझील तिसरा आला, कौतिन्यो ‘नैतिक विजेते’ म्हणाले, आणि लोकांना ना चषक मिळाला ना नाच. ‘फुतेबोल-आर्ते’ म्हणजे कलेचं फुटबॉल आणि ‘फुतेबोल-फोर्सा’ म्हणजे ताकदीचं, अशा दोन बाजू पडल्या.

प्रशिक्षक तेले सांताना यांचा १९८२ चा संघ आला तो या दहा वर्षांच्या कोरड्या घशावर. आणि कर्णधार होता सोक्रातिस, शिकलेला डॉक्टर, ज्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये प्रशिक्षकापासून कपडे धुणाऱ्यापर्यंत सगळे मिळून मतदानाने निर्णय घेत. १९८३ च्या साओ पावलो राज्य स्पर्धेच्या अंतिम लढतीला ते एक फलक घेऊन उतरले: जिंकू किंवा हरू, पण कायम लोकशाहीसह. हुकूमशाही १९८५ पर्यंत होती. तेव्हा मोकळं खेळणं आणि मोकळं जगणं यांची सांगड पाठीराख्यांनी घातली, यात काय नवल? सारियातली हार ब्राझीलच्या माणसाला एका सामन्यापेक्षा मोठी वाटली त्याचं कारण इथे आहे.

पांढरे रुमाल

त्याच स्पर्धेत, सारियाच्या दहा दिवस आधी, २५ जूनला हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया भेटले. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया घरी, हे दोघांनाही माहीत होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि उरलेली ऐंशी मिनिटं दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत बसले. स्पॅनिश प्रेक्षकांनी पांढरे रुमाल हलवले, अल्जीरियाचे पाठीराखे नोटा दाखवत होते. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने प्रेक्षकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. जर्मनीचे चाहतेही खवळले होते, त्यांचा संघ पुढे गेलेला असताना! दोघांना हवा तो निकाल मिळाला आणि खेळ मेला. १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले ते या दिवसामुळे.

नियम बनवणाऱ्यांना पाठीराख्यांच्या कंटाळ्याची दखल घ्यावी लागली, असं पुन्हा घडलं. इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाला दोनऐवजी तीन गुण दिले, म्हणजे बरोबरीवर समाधान मानणं महाग पडावं. १९९० चा विश्वचषक सरासरी २.२१ गोलांचा ठरला, आजवरचा सगळ्यात कोरडा. आघाडी मिळाली की चेंडू गोलरक्षकाकडे द्यायचा, त्याने हातात घ्यायचा, पुन्हा बाहेर टाकायचा, पुन्हा त्याच्याकडे. १९९२ मध्ये मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास हाताने उचलायला बंदी आली. १९९४ मध्ये विश्वचषकातही तीन गुण आले. आजचा वेगवान खेळ ज्यांना आवडतो त्यांनी त्या कंटाळलेल्या प्रेक्षकांचे आभार मानायला हवेत.

ब्राझीलने मात्र सारियातून उलटा धडा घेतला. १९८६ मध्ये तेलेंना आणखी एक संधी मिळाली, तिथे फ्रान्सविरुद्ध १-१ नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये बाद. त्याच सामन्यात झिकोची पेनल्टी अडवली गेली. मग सावधपणा आला आणि १९९४ मध्ये दुंगाच्या नेतृत्वाखाली अंतिम सामना ०-० राहून पेनल्टीवर चषक आला, २४ वर्षांनी. तो संघ कष्टाळू होता, रोमारिओ-बेबेतो अप्रतिम होते. तरी चौऱ्याण्णवच्या मिडफिल्डची नावं धडाधड सांगणारा माणूस मला क्वचित भेटला आहे.

फातोर्डा आणि शाहू स्टेडियम

ही परंपरा आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचली. एक थेट आहे. क्रायफने प्रशिक्षक म्हणून १९८८ ते १९९६ या काळात बार्सिलोनात जी रीत रुजवली तिच्यातून पुढे आलेले सेर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. बार्सिलोनात ते तितो विलानोवा यांचे सहायक होते. गोलरक्षकापासून पास देत वर यायचं, दोन गोल खाल्ले तर तीन मारायचे. मडगावच्या फातोर्डा मैदानावर लोक गोव्याचा खेळ बघायला येत, आणि आघाडीपटू कोरोमिनासने, म्हणजे ‘कोरो’ने, पहिल्या दोन हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. १७ मार्च २०१९ ला मुंबईत अंतिम सामन्यात बंगळूरुने ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर गोल केला आणि १-० जिंकले. पुढच्या हंगामात गोव्याने साखळीतल्या १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि अव्वल स्थानासह आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जागा मिळवली, भारतीय क्लबांत पहिल्यांदाच. पण साखळीचे थोडेच सामने उरले असताना लोबेरांना दूर करण्यात आलं होतं. वर्षभराने त्यांनी मुंबई सिटीला साखळी आणि करंडक दोन्ही मिळवून दिलं. गोव्यातला माणूस त्या तीन वर्षांबद्दल बोलतो तेव्हा आधी कोरो, मग मिडफिल्डर ब्रँडन, मग पास येतात. करंडक त्यानंतर.

कोल्हापूरची वाट वेगळी. आमच्याकडे क्लबांची नावंच तालमीची आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. ज्या शहराने खासबागेत कुस्ती बघून डोळा घडवला त्यानेच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर फुटबॉल बघितलं. कुस्तीच्या मैदानात दोघे पैलवान नुसते खडाखडी करत राहिले, डाव टाकेनात, की प्रेक्षक ओरडून उठतात. चटकदार कुस्ती म्हणजे ज्यात डाव-प्रतिडाव दिसले ती, मग पाठ कुणाचीही लागो. तीच नजर फुटबॉलला लागली. लहानपणी माझ्या शेजारी बसणारे एक म्हातारबा होते, तालमीत घडलेले. एखाद्या पोराने दोघांना चकवून पास दिला आणि पुढच्याने तो वाया घालवला, तरी ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, “आरं गोल ऱ्हाऊ दे, त्यानं बघितलं कुठनं ते बघ!”

पण आपल्या पेठेचा सामना असला की हेच म्हातारबा घड्याळ बघायचे. एक गोलाने पुढे असू तर “मार बाहेर, मार बाहेर” म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचे. बुडापेस्टच्या लोकांसारखंच. घरच्या संघाचा पराभव उद्या सकाळी चौकात सोसावा लागतो. ब्राझील सोसावा लागत नाही, म्हणून त्याच्याकडून आपण नुसता खेळ मागू शकतो. यात दुटप्पीपणा नाही. एकाच माणसाच्या छातीत दोन भुका असतात, आणि दुसरी भूक भागवायलाच आमच्या पेठांनी सातासमुद्रापलीकडचा संघ दत्तक घेतला असावा. १९८६ चे सामने आमच्या वेळेनुसार मध्यरात्री आणि पहाटे होते. टीव्ही असलेल्या घरात पंधरा-पंधरा माणसं बसलेली असायची आणि झिकोची पेनल्टी अडली तेव्हा त्या खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

टोकियो, १३ डिसेंबर १९९२

एक गोष्ट मात्र पाठीराख्याने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायला हवी: ज्यांच्यावर तो जीव टाकतो त्यांनी कधीच ‘हरलो तरी चालेल’ म्हटलं नव्हतं. क्रायफ १९७४ च्या म्युनिचमधल्या अंतिम सामन्यात जर्मनीने चेंडूला पाय लावण्याआधी संघाला पेनल्टी मिळवून देऊन २-१ हरला, आणि तरी आपलीच रीत जिंकायला सगळ्यात योग्य आहे असं मानत राहिला. तेलेंनाही जिंकायचंच होतं. सारियानंतर त्यांच्या देशात ‘दुर्दैवी’, ‘अपशकुनी’ अशी बोलणी त्यांना खावी लागली. कला आणि निकाल यांची फारकत आपण बघणाऱ्यांनी केली.

१९९२ मध्ये तेलेंच्या साओ पावलोने लिबेर्तादोरेस करंडक जिंकला. त्याच वर्षी मे महिन्यात वेम्ब्लीवर क्रायफच्या बार्सिलोनाने युरोपियन करंडक घेतला. दोन खंडांच्या विजेत्यांची लढत डिसेंबरात टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये झाली. एका बाकावर चौऱ्याहत्तरचा हरलेला कर्णधार, दुसऱ्या बाकावर ब्याऐंशीचा हरलेला प्रशिक्षक. बाराव्या मिनिटाला स्टोइचकोव्हने बार्सिलोनाला पुढे नेलं. सत्ताविसाव्या मिनिटाला साओ पावलोच्या म्युलरने डावीकडून चेंडू आत टाकला आणि त्यांच्या कर्णधाराने धावत येऊन तो अंगानेच आत ढकलला, १-१.

एकोणऐंशीव्या मिनिटाला साओ पावलोला पेटीबाहेर फ्री किक मिळाली. कर्णधाराने चेंडू हलकेच काफूकडे सरकवला, काफूने तो जागीच थांबवला, आणि बचावपटूंच्या भिंतीवरून वळत गेलेला कर्णधाराचा फटका गोलरक्षक झुबिझारेताला हातही लावता येणार नाही अशा वरच्या कोपऱ्यात गेला. २-१. कर्णधार सरळ बाकाकडे, तेलेंकडे धावत सुटला. त्याचं नाव राई. सोक्रातिसचा धाकटा भाऊ.